पुड्यांचंही भूलतज्ज्ञांना सांगा

प्रश्न : माझ्या सासूबाई 74 वर्षांच्या आहेत, वजन 55 किलो. तीन आठवड्यांनी त्यांच्या उजव्या गुडघ्याचा सांधा बदलायचा आहे. शुगर आणि बी.पी. आहे, अडीच वर्षांपूर्वी अँजिओप्लास्टी होऊन एक स्टेंट बसवला आहे. पाकिटांवरून औषधांची नावं उतरवून देते : टेल्मिसार्टन-हायड्रोक्लोरोथायझाइड, मेटोप्रोलोल, डॅपाग्लिफ्लोझिन-मेटफॉर्मिन, इकोस्प्रिन गोल्ड. कोविडनंतर झोप उडाली, तेव्हापासून रात्री एक झोपेची गोळी असते, तिच्यावर एसिटालोप्राम आणि क्लोनाझेपाम असं छापलंय. काचबिंदूसाठी टिमोलोलचे थेंब. शिवाय बाजाराच्या दिवशी येणाऱ्या एका माणसाकडून त्या वर्षभर सांधेदुखीच्या पुड्या घेतायत आणि सकाळी मिश्री लावतात. पुड्यांचं आणि झोपेच्या गोळीचं डॉक्टरांना सांगायचं नाही, ते रागावतील आणि ऑपरेशन पुढं ढकलतील, असं त्यांनी मला बजावलंय. शेजारच्या काकू म्हणतात, आठ दिवस आधी सगळ्या गोळ्या बंद करायच्या, नाहीतर भूल उतरत नाही. पुण्याचे दीर म्हणतात, एकही बंद करू नका. याच काकू खुब्याच्या ऑपरेशननंतर तीन-चार रात्री असंबद्ध बोलत होत्या, त्याचीही धास्ती आहे. क्रिएटिनिन 1.0 आलंय, लॅबवाले नॉर्मल म्हणाले. नक्की कोणाचं ऐकू? आणि जाता जाता : सासऱ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन दिवाळीनंतर आहे, ते लघवीसाठी रात्री एक गोळी घेतात. तिचा काही त्रास होईल का?
— एक सून, कराड

उत्तर :

ताई,

काकूंचंही ऐकू नका आणि दिरांचंही. दोघांचा हेतू चांगला आहे, पण तुम्ही दिलेल्या यादीत एक औषध पाच ते सात दिवस आधी थांबवावं लागेल, एक तीन दिवस आधी, एक बहुधा फक्त त्या सकाळी, आणि दोन-तीन अशी आहेत की ती एक दिवसही चुकवायची नाहीत. सगळ्यांना एकच नियम लावला तर कुठंतरी इजा होणारच.

म्हणून पहिलं काम आज-उद्याच करा. हॉस्पिटलला फोन लावा आणि भूलतज्ज्ञांची भेट याच आठवड्यात मागून घ्या. आपल्याकडं ही तपासणी बऱ्याचदा ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी उरकली जाते. तोवर पाच दिवस आधी घ्यायचे निर्णय हातातून गेलेले असतात, आणि मग एकतर ऑपरेशन पुढं जातं नाहीतर जोखीम घेऊन करावं लागतं. फिजिशियननं 'फिटनेस' दिलाय, आता भूलतज्ज्ञांना कशाला भेटायचं, असं कुणी म्हणेल. भेटायचंच. ऑपरेशन चालू असताना सासूबाईंचा श्वास, नाडी आणि रक्तदाब ज्यांच्या हातात असणार, त्यांना यादी आधी माहीत हवी.

जाताना चिठ्ठी नको, औषधांची अख्खी पिशवी न्या. मेडिकलवाले पट्टी कापून देतात, आणि उरलेल्या तुकड्यावर अर्धंच नाव राहतं, पॉवर तर नसतेच. अशा तुकड्यावरून 20 ची गोळी की 80 ची, हे कुणालाच सांगता येत नाही. त्यामुळं पूर्ण पट्ट्या, डोळ्यांच्या थेंबांची बाटली, पुड्या, काढे-चूर्णं, अँजिओप्लास्टीचं डिस्चार्ज कार्ड, सगळं त्या पिशवीत घाला. अश्वगंधा, ज्येष्ठमध, लसणाच्या कॅप्सूल असं काही चालू असेल तर तेही. अश्वगंधा गुंगीच्या औषधांचा परिणाम वाढवू शकते, ज्येष्ठमध जास्त दिवस घेतल्यानं पोटॅशियम उतरतं, लसणाच्या कॅप्सूलनी रक्तस्राव वाढू शकतो. अशा गोष्टी साधारण दोन आठवडे आधी थांबवायला सांगतात. तुमच्याकडं तेवढा वेळ अजून आहे.

आता वय मध्ये कुठं येतं ते सांगते. वयानुसार शरीरातलं पाणी आणि स्नायू कमी होतात, चरबीचा वाटा वाढतो. चरबीत मुरणारी औषधं मग शरीरात रेंगाळतात. मेंदूही भुलीला लवकर वश होतो. श्वासातून द्यायच्या भूलवायूची गरज चाळिशीनंतर दर दहा वर्षांनी सुमारे 6 टक्क्यांनी घटते. प्रोपोफोल हे झोपवण्याचं इंजेक्शन तरुण माणसाला किलोमागं 2 ते 2.5 मिलिग्रॅम लागतं, वयस्कांना 1 ते 1.5 पुरतं, आणि तेही थांबत थांबत द्यायचं, कारण औषध हातातल्या शिरेतून मेंदूपर्यंत पोचायलाच त्यांच्यात जास्त वेळ लागतो.

आणि ते 'नॉर्मल' क्रिएटिनिन. लॅबनं आकडा बरोबर दिलाय, पण क्रिएटिनिन म्हणजे किडनीनं गाळून टाकायचा रक्तातला कचरा, तो स्नायूंतून येतो, आणि 74 व्या वर्षी स्नायूच कमी उरलेले असतात. म्हणून किडनी मंदावली तरी आकडा 1.0 च दिसतो. किडनी मिनिटाला किती रक्त गाळते याचं वय आणि वजन धरून साधं गणित करता येतं : 140 मधून वय वजा करा, वजनानं गुणा, 72 गुणिले क्रिएटिनिननं भागा, बाईमाणूस असेल तर उत्तर 0.85 नं गुणा. सासूबाईंचं येतं मिनिटाला सुमारे 43 मिलिलीटर. त्याच वजनाच्या आणि त्याच क्रिएटिनिनच्या तिशीतल्या बाईचं 71 येईल. म्हणजे किडनीवाटे बाहेर पडणारी औषधं सासूबाईंच्या अंगात कितीतरी जास्त वेळ टिकणार. 'भूल उतरत नाही' या काकूंच्या म्हणण्यात तथ्य आहे ते एवढंच. त्यावर उपाय मात्र डोस कमी करणं आणि औषध निवडून देणं हा आहे. घरच्या गोळ्या सरसकट बंद केल्यानं ते साधत नाही.

हे गणित ऑपरेशननंतर फार उपयोगी पडेल. बी.पी.चं टेल्मिसार्टन, सोबत लघवी वाढवणारं हायड्रोक्लोरोथायझाइड आणि वर डायक्लोफिनॅकचं दुखणं थांबवायचं इंजेक्शन, हे तिन्ही एकत्र आले की म्हाताऱ्या किडनीचा रक्तपुरवठा तिन्हीकडून आवळला जातो. दोन-तीन दिवसांत लघवी कमी होते आणि क्रिएटिनिन चढतं. डायक्लोफिनॅक आपल्याकडं अगदी सवयीनं दिलं जातं. 'आईंची किडनी जेमतेम आहे, डायक्लोफिनॅकऐवजी दुसरं काही चालेल का?' असं तुम्ही आधीच विचारून ठेवलंत तर कुणालाही राग येणार नाही. पॅरासिटामोल आहे, मांडीत नसेजवळ इंजेक्शन देऊन गुडघा बधिर ठेवण्याची सोय आहे. गुडघ्याच्या ऑपरेशनला ती फार कामाची.

आता एकेक गोळी बघू. काय, कधी, किती ते तुमचे डॉक्टर लिहून देतील. इथं मी त्यामागचं कारण सांगते, म्हणजे त्यांच्याशी बोलताना तुम्हाला धागा सापडेल.

सगळ्यात काळजीची गोळी इकोस्प्रिन गोल्ड. हिला घरोघरी 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात, पण त्या एका कॅप्सूलमध्ये तीन औषधं आहेत : अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल आणि कोलेस्टेरॉलचं अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन. गुडघ्यासाठी बहुधा कमरेत इंजेक्शन देऊन पायांपुरती भूल देतील. ती सुई मज्जारज्जूच्या जवळ जाते. क्लोपिडोग्रेलचा अंमल असताना तिथं रक्त साकळलं तर मज्जारज्जूवर दाब येऊन पाय कायमचे लुळे पडू शकतात. असं क्वचित होतं, पण झालं तर भरून येत नाही. म्हणून क्लोपिडोग्रेल पाच ते सात दिवस आधी थांबवतात. अ‍ॅस्पिरिन मात्र स्टेंट असलेल्या माणसाला सहसा चालूच ठेवतात, आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन तर थांबवायचंच नाही. आता कुणी नुसतं 'गोल्ड बंद करा' म्हणालं आणि तुम्ही कॅप्सूल बंद केली, तर तिन्ही औषधं एका दमात गेली आणि स्टेंटला संरक्षण उरलं नाही. ऑपरेशनच्या ताणानं रक्त आधीच साकळायच्या बेतात असतं. त्यामुळं हृदयरोगतज्ज्ञांकडून आठवडाभरासाठी अ‍ॅस्पिरिन आणि अ‍ॅटोर्व्हास्टॅटिनच्या सुट्या गोळ्या लिहून घ्या, आणि क्लोपिडोग्रेल कोणत्या तारखेला थांबवायचं, कोणत्या तारखेला परत सुरू करायचं, या दोन्ही तारखा कागदावर मागा. परत सुरू करायची तारीख विसरली जाते, म्हणून ती आवर्जून मागा.

डॅपाग्लिफ्लोझिन ही साखर लघवीवाटे बाहेर टाकणारी गोळी. अमेरिकेच्या औषध नियामकानं 2020 मध्ये या जातीच्या गोळ्यांच्या माहितीपत्रकात बदल करून ही गोळी ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवायला सांगितलं. कारण उपास, ऑपरेशनचा ताण आणि ही गोळी एकत्र आली की रक्तात कीटोन (चरबी जळून तयार होणारी आम्लं) साचून रक्त आम्लधर्मी होऊ शकतं. धोका असा की साखर तेव्हा 150-180 च दिसते. नर्स बोटातून रक्त काढतात, आकडा बरा येतो, आणि उलट्या, पोटदुखी, जोरजोरात श्वास हे सगळं भुलीच्या त्रासावर ढकललं जातं. तुमच्याकडं ही गोळी मेटफॉर्मिनसोबत एकत्र आहे. त्या तीन दिवसांसाठी नुसतं मेटफॉर्मिन किंवा दुसरं काही लिहून घ्यावं लागेल, नाहीतर साखर भडकेल. मेटफॉर्मिन ऑपरेशनच्या सकाळी देत नाहीत. डॅपाग्लिफ्लोझिन परत कधी? पोटभर जेवण सुरू झाल्यावर, तोवर नाही. ऑपरेशननंतर मळमळ आणि धाप दिसली तर 'रक्तातलं कीटोन बघता का?' असं विचारा.

टेल्मिसार्टनबाबत जगभर अजून एकमत नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. भूल दिल्यावर, विशेषतः कमरेतून दिल्यावर, रक्तवाहिन्या सैलावतात आणि रक्तदाब उतरतो. शरीर तो सावरायला जी यंत्रणा वापरतं, तीच या गोळीनं बांधून ठेवलेली असते. फ्रान्समध्ये 2,200 हून अधिक रुग्णांवर झालेल्या आणि 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या जातीच्या गोळ्या दोन दिवस आधी थांबवलेल्या आणि चालू ठेवलेल्या गटांत मृत्यू आणि मोठ्या गुंतागुंती सारख्याच निघाल्या, पण गोळी चालू असलेल्यांचा रक्तदाब ऑपरेशनमध्ये जास्त वेळा कोसळला. बरेच भूलतज्ज्ञ अजून ही गोळी एक दिवस आधी थांबवतात, आणि सासूबाईंच्या वयाला मला तेच योग्य वाटतं. तुमच्या डॉक्टरांचं मत वेगळं असेल तर त्यांचं ऐका. त्या दिवशी त्यांच्याकडं मॉनिटर असेल आणि सासूबाई समोर असतील.

मेटोप्रोलोल ही नाडी आवरणारी गोळी मात्र अजिबात बंद करायची नाही. ऑपरेशनच्या सकाळी घोटभर पाण्याबरोबर द्यायची. ही अचानक थांबली की नाडी उसळते आणि स्टेंटवाल्या हृदयाला ते झेपत नाही. उलट बाजूही आहे. 2008 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत, आधी न घेणाऱ्या रुग्णांना ऑपरेशनच्या दिवशी मेटोप्रोलोल नव्यानं सुरू केली, तेव्हा हृदयविकाराचे झटके घटले, पण मृत्यू आणि पक्षाघात वाढले. त्यामुळं चालू असेल तर चालू ठेवतात, नसेल तर ऐन वेळी सुरू करत नाहीत.

टिमोलोलचे थेंब याच जातीचे. डोळ्यात घातलेला थेंब नाकाच्या मार्गानं रक्तात उतरतो आणि नाडी मंद करतो. मेटोप्रोलोल, टिमोलोल, वर कमरेतली भूल आणि गुंगीसाठी डेक्समेडेटोमिडीन दिलं तर तेही, सगळी नाडी खाली खेचणारी. एवढं माहीत असलं की भूलतज्ज्ञ आधीच अंदाज बांधतात, गरजेचं औषध हाताशी भरून ठेवतात. थेंब बंद करायचे नाहीत, काचबिंदू वाट बघत नाही. फक्त सांगायचे. डोळ्याचे थेंब औषध म्हणून सांगायचं भल्याभल्यांच्या लक्षात येत नाही. तुम्ही न विचारता लिहिलंत, हे फार चांगलं केलंत.

आता ज्या गोळीला घरात 'झोपेची' म्हणतात ती. तिच्यात दोन औषधं आहेत आणि दोन्ही भुलीशी भिडतात. क्लोनाझेपाम रोज घेणाऱ्या माणसाची ती अचानक बंद केली तर दोन-तीन दिवसांत अस्वस्थपणा, थरथर, भ्रम, कधी फिटसुद्धा येते. म्हणजे काकूंचा सल्ला ऐकला असता तर ज्या बडबडीची तुम्हाला भीती वाटते, तीच ओढवून घेतली असती. आणि गोळी लपवली तर? भूलतज्ज्ञ काळजी कमी व्हावी म्हणून मिडॅझोलाम देतील, दुखण्यासाठी फेंटॅनिल देतील, कुणी प्रीगॅबालिन देईल. ही सगळी आधीच्या क्लोनाझेपामवर चढली की श्वास मंदावतो. माहीत असेल तर मिडॅझोलाम टाळता येतं, बाकीच्यांचे डोस निम्म्यावर आणता येतात.

दुसरं औषध एसिटालोप्राम, नैराश्य आणि घालमेलीवरचं. याची गाठ दुखण्यावरच्या ट्रामाडोलशी पडू द्यायची नाही. ट्रामाडोल आपल्याकडं ऑपरेशननंतरच्या औषधांच्या कागदावर जवळपास छापल्यासारखं असतं. दोन्ही एकत्र आल्यावर सेरोटोनिन नावाचं मेंदूतलं रसायन वाढून घाम, ताप, हातापायांना झटके, तळमळ सुरू होऊ शकते, फिटचा धोकाही वाढतो. दुखण्यावरच्या पेथिडीन इंजेक्शनचंही तसंच. तुम्ही केसपेपरच्या वरच्या कोपऱ्यात लाल शाईनं 'एसिटालोप्राम चालू — ट्रामाडोल, पेथिडीन नको' असं डॉक्टरांकडून लिहून घ्या. रात्रपाळीच्या नर्सला आणि निवासी डॉक्टरला तेवढंच दिसतं. आणखी एक : एसिटालोप्राम आणि हायड्रोक्लोरोथायझाइड दोन्ही सोडियम उतरवतात, आणि वयस्क बायकांत हे फार वेळा दिसतं. ऑपरेशनआधीच्या रक्ततपासणीत सोडियम केलंय का ते बघा. ते कमी असताना भूल दिली तर नंतरच्या गोंधळाला आयतं कारण मिळतं.

आता पुड्या. ताई, तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त अस्वस्थ करणारी ओळ हीच आहे.

प्रत्येक पुडीत काही असतंच असं मी म्हणणार नाही. पण अशा विनालेबल पुड्यांत डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन ही स्टिरॉइडं मिसळलेली इतक्या वेळा सापडली आहेत की तपासून खात्री होईपर्यंत आम्ही भूलतज्ज्ञ ती आहेत असंच धरून चालतो. खुणा तुम्ही ओळखाल. पुडी घेतली की तासाभरात गुडघा हलका. एक-दोन दिवस चुकली की अंग मोडून येतं, उठवत नाही. चेहरा गोलसर झालाय, हातावर जरा कुठं लागलं की काळे-निळे डाग, साखर वर्षभरात वाढलीय आणि गोळ्या वाढवल्या तरी आटोक्यात येत नाही.

बाहेरून रोज स्टिरॉइड मिळालं की आपल्या मूत्रपिंडावरच्या ग्रंथी स्वतःचं बनवणं सोडून देतात. ऑपरेशनमध्ये शरीराला त्याची कितीतरी जास्त गरज लागते. तेव्हा ग्रंथी काही देत नाहीत, आणि रक्तदाब असा कोसळतो की सलाइन आणि नेहमीची इंजेक्शनं देऊनही वर येत नाही. 1952 साली अमेरिकेच्या एका वैद्यकीय नियतकालिकात 34 वर्षांच्या एका माणसाची हकीकत छापून आली. संधिवातासाठी कॉर्टिझोन हे स्टिरॉइड चालू होतं, खुब्याच्या ऑपरेशनआधी ते थांबवलं, आणि ऑपरेशननंतर काही तासांत तो गेला. तेव्हापासून जगभरचे भूलतज्ज्ञ हा प्रश्न विचारतात. त्यातही भर अशी की कमजोर हृदयासाठी निवडलं जाणारं इटोमिडेट नावाचं भुलीचं इंजेक्शन एकाच डोसनंतर काही तास याच ग्रंथींचं काम रोखतं. स्टेंट बघून कुणी ते निवडलं आणि पुड्यांचं माहीतच नसलं, तर दोन्हीकडून कोंडी.

माहीत असलं तर मात्र उपाय अगदी साधा आहे. सकाळी रक्तातलं कॉर्टिझॉल, म्हणजे शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड, तपासायचं, आणि भूल देताना हायड्रोकॉर्टिझोन या स्टिरॉइडचं इंजेक्शन द्यायचं. त्यासाठी ऑपरेशन रद्द व्हायचं सहसा कारण नाही. उद्यापासून पुड्या फेकून देऊ नका बरं का, एकदम बंद केल्या तर घरातच कोसळतील. डॉक्टर त्याऐवजी मोजून गोळी देतील आणि हळूहळू उतरवतील.

आता सासूबाईंनी तुम्हाला बजावलंय त्याबद्दल. त्या ढोंगी नाहीत, घाबरल्यात. वर्षभर दुखणं सोसत कसंबसं चाललं ते त्या पुड्यांच्या जोरावर, आणि ते बोललं तर आपल्यालाच बोल लागेल अशी भीती आहे. त्यांच्या पाठीमागं जाऊन सांगण्याआधी एकदा निवांत बसून म्हणा, 'आई, पुड्या घेतल्या म्हणून कुणी ऑपरेशन थांबवत नाही. सांगितल्या नाहीत तर मात्र टेबलावर प्रेशर उतरेल आणि कशानं उतरलं ते कुणाला कळणार नाही.' आणि भूलतज्ज्ञांना भेटल्यावर त्यांनाच बोलू द्या. आम्ही रोज हेच विचारतो. पुड्या, दारू, मिश्री, गुटखा, सगळं ऐकलेलं असतं, रागावत नाही. एवढं करूनही त्या गप्प राहिल्या तर तुम्ही सांगा. बाहेर आल्यावर त्या दोन दिवस अबोला धरतील. तो परवडेल.

मिश्रीसाठी दोन शब्द. त्यात तंबाखू आहे, निकोटिन आहे. ऑपरेशनच्या सकाळी 'पोटात काही नाही, नुसती मिश्री लावली' हे चालत नाही, त्यानं नाडी आणि रक्तदाब चढतो. नंतर दवाखान्यात मिश्री मिळाली नाही की चिडचिड आणि बेचैनी होते. ती कशामुळं हे डॉक्टरांना माहीत हवं, नाहीतर शांत करायला आणखी एक इंजेक्शन मिळायचं.

यावरून काकूंच्या त्या रात्री. वेड नव्हतं ते. वयस्क माणसांना ऑपरेशननंतर तात्पुरता भ्रम होतो, दुपारी बरं असतं, संध्याकाळ झाली की वाढतो, आणि बहुतेकांचा काही दिवसांत निवळतो. पण तो टाळण्यासारखा असतो, आणि त्यामागं अनेकदा औषधंच असतात. झोपेची गोळी एकदम तुटणं हे एक. दुसरं म्हणजे खाज, उलटी किंवा झोप यासाठी सहज टोचली जाणारी फेनिरामाइन (एव्हिल) आणि प्रोमेथाझीन (फेनर्गन) ही इंजेक्शनं. तरुणाला यांनी थोडी पेंग येते, म्हाताऱ्या मेंदूत मात्र ती गोंधळ माजवतात आणि लघवीही अडवतात. नाडी मंद झाली तर वापरायच्या अ‍ॅट्रोपिनपेक्षा ग्लायकोपायरोलेट बरं, कारण ते मेंदूत शिरत नाही. निवड भूलतज्ज्ञांची, पण 'आईंना भ्रम होऊ नये यासाठी काय कराल?' हा प्रश्न तुम्ही जरूर विचारा. तुमच्या हातात जे आहे ते असं : चष्मा आणि कानाचं मशीन लगेच परत लावा, दिवसा खिडकीजवळ बसवा, रात्री घरचं कुणीतरी ओळखीचं माणूस जवळ असू द्या, आणि दुखत असेल तर दुखतंय असं सांगायला लावा. 'सोसायची सवय आहे मला' म्हणणाऱ्या बायकांना दुखण्यामुळंही भ्रम होतो.

ऑपरेशनच्या सकाळचं पोट. सहा तास आधीपर्यंत हलकं खाणं, दोन तास आधीपर्यंत साधं पाणी, असा साधारण नियम आहे. दुधाचा चहा खाण्यातच धरतात, पाण्यात नाही. सांगितलेल्या गोळ्या घोटभर पाण्याबरोबर द्यायच्या, 'उपास मोडेल' म्हणून चुकवायच्या नाहीत.

वॉर्डात गेल्यावर घरची पिशवी नर्सच्या ताब्यात द्या. हे मी कळकळीनं सांगते, कारण असं वारंवार होतं : हॉस्पिटल आपल्या स्टॉकमधून बी.पी.ची गोळी देतं, आणि उशाशी बसलेली लेक पर्समधली तीच गोळी दुसऱ्या कंपनीच्या नावानं देते. नावं वेगळी, आत औषध एकच. संध्याकाळी प्रेशर 80 पर्यंत घसरलेलं. घरचं एकही औषध, थेंबसुद्धा, नर्सला न विचारता देऊ नका, आणि सुट्टी मिळताना प्रत्येक जुन्या गोळीपुढं 'चालू', 'बंद' किंवा 'अमुक तारखेपासून' असं लिहून घेतल्याशिवाय खाली उतरू नका.

राहिले सासरे. रात्रीची लघवीची गोळी म्हणजे बहुधा टॅम्सुलोसिन, पाकिटावर बघा. ती बुबुळाचा स्नायूही सैल करते. मोतीबिंदू काढताना बुबुळ लुळं पडून मध्येमध्ये येतं आणि बाहुली आकसते. 2005 साली हे पहिल्यांदा नीट वर्णन करून मांडलं गेलं. गोळी थांबवून खात्रीनं फायदा होतो असं दिसलेलं नाही, पूर्वी घेऊन सोडली असली तरी परिणाम राहू शकतो. त्यामुळं बंद करू नका, लघवी अडली तर वेगळाच ताप. फक्त डोळ्यांच्या सर्जनना आधी सांगा. बुबुळ आवरून धरायचे छोटे हुक आणि इंजेक्शनं असतात, ती ते टेबलावर तयार ठेवतील. दिवाळीला अवकाश आहे, पण फोन याच आठवड्यात करून टाका.